धूलकोटची मोटर

शहरातल्या सिंधीपुऱ्यातून, आमच्या घरातून धूलकोटला मुलगी द्यायची, तर बैलगाडीने सबंध दिवसाची वाट. आई तयार नव्हती. पण वडील मास्तर, वर्तमानपत्र वाचणारे. धूलकोटचा पक्का रस्ता आणि त्यावरची प्रवासी मोटर मंजूर झाल्याचं त्यांनी स्वतः वाचलं होतं. मुलाचे काका बैठकीत म्हणाले, "मास्तरसाहेब, फिकर कायले करता? मोटर चालू होऊन राहिली. पोरगी सकाळी निघाली का दुपारी तुमच्या घरी." एवढ्या भरवशावर माझी मोठी बहीण दिली.

धूलकोटच्या वाटेच्या कडेला खडीचे ढीग पडले होते, हे खरं. वडील भेटेल त्याला ते सांगत, जसे काही स्वतःच टाकून आलेत.

मग प्रांत मोडले. आम्ही नागपूरचे होतो ते भोपाळचे झालो. ज्यांचा नागपुरात वशिला होता ते गप्प बसले आणि कालपर्यंत ज्यांना कुणी विचारत नव्हतं, ते जाकिटं चढवून भोपाळला खेपा घालू लागले. त्यातल्या एका पुढाऱ्याचं गाव दुसऱ्या दिशेला होतं. त्याला मोटर आपल्या केळीच्या बागेपर्यंत हवी होती.

पुढच्या उन्हाळ्यात ताईला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सासरच्यांनी निरोप धाडला, गाडी जुंपून पाठवतो म्हणून. वडिलांनीच नको म्हटलं. "मोटर सुरू होतेच आहे. पोटुश्या पोरीला बैलगाडीचे हिसके कशाला?"

आई म्हणाली, "गाडी आहे तर येऊ द्या ना."

त्यांनी ऐकलं नाही. माया होती ती, पण त्या मायेचा मला आजही राग येतो.

ढीग उचलले गेले. तीच खडी ट्रकांत भरून पुढाऱ्याच्या रस्त्यावर पडली. वडील अर्ज घेऊन फिरत राहिले, तोवर नाले भरले आणि गाडीवाटही बंद झाली. ताई तिथेच बाळंतपणात अडली. निरोप्या पायी चालत आला तेव्हा तिला अग्नी देऊन झाला होता. बाळही गेलं होतं.

माझ्या लग्नाच्या वेळी आईने स्थळाची एकच चौकशी केली, चालत जाता येतं का? मला शहरातच, जवळच्या बुधवाऱ्यात दिलं.

काही वर्षांनी निवडणूक आली आणि त्याच पुढाऱ्याला धूलकोटची मतं हवी झाली. खडी परत आली. पहिल्या खेपेला हार घातलेली मोटर घेऊन मंडळी आमच्या दारात हजर. मोटरीसाठी सगळ्यांत आधी अर्ज वडिलांनी केलेला, म्हणून पुढची सीट त्यांना. मी त्या दिवशी माहेरीच होते. वडिलांनी खरंच कोट घातला, टोपी घातली. मला त्यांची कीव आली आणि चीडही आली.

आई तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा. पोरीला सांगा, मोटर चालू झाली."

वडील उंबऱ्यावरच बसले. बाहेरून हाका येत होत्या, "चला ना मास्तर, लोकं बसून राहिले." ते उठलेच नाहीत. थोडा वेळ हॉर्न वाजत राहिला, मग पुढची सीट दुसऱ्या कुणाला तरी दिली.