पाठपुरावा सुरू आहे

दर शुक्रवारी दुपारी धोंडप्पा मास्तरांच्या मोबाईलवर आमदारसाहेबांचं पत्र यायचं आणि मास्तर एक लांब सुस्कारा सोडून चष्मा शोधायला लागायचे. चष्मा बहुतेक वेळा कपाळावरच असायचा. पत्र कानडीत असायचं, मतदारसंघातल्या बंधुभगिनींना उद्देशून, आठवडाभरात देशात काय झालं आणि गावोगाव काय चाललंय त्याची खबर देणारं. मास्तरांनी ते शनिवारपर्यंत मराठीत करायचं. मतदारसंघातली निम्मी गावं महाराष्ट्राला खेटून. तिथली माणसं बाजाराला उदगीरला जातात, सोयरिकी लातूरकडे करतात, कचेरीत मोडकंतोडकं कानडी बोलतात आणि घरी आल्यावर मनसोक्त मराठीत भांडतात. त्यांना कानडी पत्र पाठवून काय उपयोग?

पाच वर्षांपूर्वी साहेबांच्या हापिसातला प्रशांतकुमार बिदरच्या मैलूर भागातल्या मास्तरांच्या घरी आला, त्यांच्या खांद्यावर शाल घालून गेला आणि हे काम गळ्यात पडलं. मास्तर तेव्हा नुकतेच मराठी शाळेतून निवृत्त झाले होते. पहिल्या वर्षी त्यांना फार अप्रूप वाटलं. दुसऱ्या वर्षापासून शुक्रवार नकोसा व्हायला लागला. बायको, लिंगम्मा, त्यांना म्हणायची, "रिटायर झालाव का बदली झाली तुमची?"

साहेब जुन्या वळणाचे होते. पत्राची सुरुवात देवाच्या नावाने, मग देशाच्या सीमा, मग मोबाईलपायी बिघडलेली पिढी, मग एकत्र कुटुंब, मग गोमाता. रेल्वे, रस्ते, नाल्या हे सगळं अगदी शेवटी, जिथवर वाचणारा सहसा पोचत नाही तिथे. मास्तरांचं साहेबांशी भांडण नव्हतं. रोज सकाळी भस्म लावून लिंगपूजा करणारा माणूस तो, साहेबांची बहुतेक मतं त्यांना पटायचीच. पण पटलेली गोष्टसुद्धा माणसाने किती वेळा लिहायची? गाईवर तर त्यांनी पाच वर्षांत इतकं लिहिलं होतं, की गाय समोरून आली तर ते रस्ता बदलायचे. हे मी चेष्टेने सांगतो, पण मास्तर ते गंभीरपणे सांगायचे.

हापिसात मराठी टाइप करणारं कोणी नव्हतं आणि मास्तरांचं अक्षर म्हणजे कागदावर ओळीने मांडलेली ज्वारी. त्यामुळे ते पेनानेच एक फुलस्केप लिहून द्यायचे. हापिसातून त्याच्या झेरॉक्स निघायच्या, रविवारच्या पहिल्या बसने गावोगाव जायच्या आणि चहाच्या हॉटेलात चिकटवल्या जायच्या. प्रशांतकुमार मराठी फर्डं बोलायचा, पण हाताने लिहिलेलं वाचायचा त्याला कंटाळा. साहेबांना तर मराठी वाचताच येत नव्हतं. थोडक्यात, मराठी पत्र मास्तर लिहायचे आणि तपासायचेही मास्तरच.

आता त्या ओळीविषयी.

भालकीच्या पलीकडे तांबरवाडी नावाचं गाव आहे. मास्तरांनी तिथल्या शाळेत एकोणीस वर्षं काढली. गावात गुरांचा दवाखाना होता. म्हणजे खोली होती, फलक होता आणि डॉक्टरची जागा रिकामी होती. साडेतीन वर्षांपूर्वी भालकीच्या बसस्टँडवर चांगुणाबाई भेटली. ती मास्तरांच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. आता एका म्हशीच्या दुधावर तिचं घर चालायचं. ती म्हणाली, "मास्तर, पत्रात समद्या गावाचं येतंय. आमच्या ढोराच्या दवाखान्याचं कामून येईना?"

त्या शनिवारी पत्र लिहून झालं आणि खाली दोन बोटं जागा उरली. मास्तरांना चांगुणाबाई आठवली. त्यांनी लिहिलं : 'तांबरवाडीच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर मिळावा यासाठी साहेबांचा पाठपुरावा सुरू आहे.'

कानडीत असं काही नव्हतं. सोमवारी प्रशांतकुमारला सांगू, असं मास्तरांनी ठरवलं आणि सोमवारी ते विसरले. पुढच्या पत्रात त्यांनी ओळ घातली नाही, तर रविवारी सकाळीच तांबरवाडीतून तीन फोन आले, "ह्या बारीला आमचं का गाळलं?" मग ती ओळ राहिली ती राहिलीच. दर आठवड्याला, अगदी तळाशी. कुणाचं काही वाईट होत नव्हतं, चार माणसांना बरं वाटत होतं. मास्तरांनी मनाची समजूत अशीच घातली होती.

गेल्या शुक्रवारी पत्र आलं. सीमा, कुटुंब, गोमाता ओलांडून मास्तर खाली आले आणि थांबले. पशुसंवर्धन खात्याची फेररचना झाली होती. तांबरवाडीचा दवाखाना बंद करून तिथली डॉक्टरची जागा दुसऱ्या गावाला दिली होती. साहेबांनी या निर्णयाचं स्वागत केलं होतं.

मास्तरांनी लगेच प्रशांतकुमारला फोन लावला. "हे तांबरवाडीचं काय लिहिलंय?"

"बरोबरच हाय की सर. डाक्टर न्हाई, ढोरं येईनात, नुसतं कुलूप."

"साहेबांनी काहीच केलं न्हाई?"

"कशावर करतेत? साडेतीन-चार वर्षांत त्या गावातनं एक अर्ज आला न्हाई. खात्यानं पावसाळ्यात नोटीस लावली व्हती, दवाखाना पायजे तर ग्रामपंचायतीचा ठराव द्या म्हणून. दुसरी दोन गावं टमटम भरून हापिसात आली. साहेबांनी त्यांच्यासमोर कलबुर्गीला खात्याच्या मोठ्या हापिसात फोन लावला. त्यांचे दवाखाने ऱ्हायले. तांबरवाडीचं कुणी फिरकलंबी न्हाई. साहेब मला म्हणले, त्यांना नको असल." मग त्याने आवाज खाली आणला. "सर, उद्या संध्याकाळपर्यंत पत्र द्या. लेट नको."

मास्तरांनी फोन ठेवला. साहेबांवर चिडावं, तर गाव आलं असतं तर त्यांनी फोन लावलाच असता. खात्यावर चिडावं तर खात्याने नोटीस लावली होती. बराच वेळ ते कुणाकुणावर चिडून बघत होते. चहा निवून गेला. शेवटी उरले ते एकटेच, आणि ते फार वाईट होतं.

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी लिंगम्माला म्हणाले, "तांबरवाडीला जाऊन येतो."

"पत्र कोण लिहिणार?"

"पत्र लिहिलं म्हणूनच जायची पाळी आली," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी पिशवी उचलली. भालकीला बस बदलली. उसाच्या ट्रॅक्टरांमागे बस रांगत होती आणि प्रत्येक थांब्यावर मास्तरांना वाटायचं, उतरावं आणि परत फिरावं.

गावात उतरल्या उतरल्या समोर चांगुणाबाईचा दीर बळीराम याचं चहाचं हॉटेल. भिंतीवर मागच्या रविवारचं पत्र होतं. तळाशी ती ओळ, मास्तरांच्या हातची, ठळक आणि देखणी. मास्तरांनी तिकडे बघायचं टाळलं. बळीराम म्हणाला, "बेस्तवारी दवाखान्याचा फलक काढून नेला, मास्तर. आमी बघतच ऱ्हायलो." तो त्यांना चांगुणाबाईच्या घरी घेऊन गेला.

दारात म्हैस बांधली होती, गाभण, पोट खाली आलेलं. चांगुणाबाई तिच्या अंगावरून हात फिरवत होती. मास्तरांना बघून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं तुमी आलाव. मी सोमवारी बिदरला साहेबाच्या हापिसात येनारच व्हते. बळीराम, मास्तरास्नी बसायला टाक."

ती आत गेली आणि खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला एक गठ्ठा घेऊन आली. नवं पत्र चिकटलं की बळीराम जुनं काढून तिला द्यायचा. त्या घरात कागद जपायची सवय पिढ्यांची. सासऱ्याला मिळालेला जमिनीचा कागद, पोरीचा शाळेचा दाखला, सगळं असंच गुंडाळलेलं. साडेतीन वर्षांची पत्रं तिने तारखेप्रमाणे लावली होती आणि प्रत्येकाच्या तळाशी तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली होती.

"हे बघा," ती म्हणाली. "सुरवातीची ती एक बारी सोडली तर एक आठवडा चुकला न्हाई. पाठपुरावा सुरू हाय, सुरू हाय. साहेबानं लिहून दिलंय, आता मागं कसं सरतेत? ह्योच पुरावा म्होरं ठेवते."

मास्तरांनी गठ्ठ्यावरची नजर काढली. त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात नोटीस लागली होती. ठराव कामून दिला न्हाई?"

बळीराम म्हणाला, "मी म्हणत व्हतो. पोरं गोळा केली व्हती, ट्रॅक्टर काढनार व्हतो. त्याच्या आदी हिची पयली म्हैस पोट फुगून मेली, दवाखान्याच्या पायरीवर. हितं डाक्टर न्हाई, दुसरा चौदा किलोमीटरवरनं कधी यायचा? मी म्हणलं जाऊ हापिसावर. हीच म्हणली, नगं. साहेब आपल्यासाठी झटायलेत, आपुन मोर्चा नेला तर त्यांस्नी काय वाटंल."

"व्हय, मीच म्हणले," चांगुणाबाई म्हणाली. "चांगल्या मानसाला कामून दुखवायचं?"

 एकोणीस वर्षं मास्तरांनी या गावातल्या पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या होत्या. आणि स्वतः दर शनिवारी, भस्म लावलेल्या कपाळाने, एक ओळ खोटी लिहीत बसले होते. त्यांना स्वतःची शरम वाटली, आणि ती लपवावी असंही वाटेना.

"चांगुणाबाई," ते म्हणाले, "ती ओळ साहेबांची न्हाई."

"म्हंजी?"

"कानडी पत्रात ती कधीच नव्हती. साहेबांना ठाऊकच न्हाई. तुम्ही बसस्टँडवर भेटलाव, खाली जागा उरली व्हती, मी लिहिली. पुढं लिहीतच गेलो. कुणी पाठपुरावा केला न्हाई. मीबी न्हाई."

बळीराम उठून उभा राहिला. वहिनीकडे बघून परत खाली बसला.  चांगुणाबाईने गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं पत्र उचललं, डोळ्यांजवळ नेलं, परत ठेवलं.

"मला वाचाया लई येत न्हाई," ती म्हणाली. "साहेबाला मी एकडाव बघितलंय, तेबी गाडीत. साहेबाच्या नावानं आलं म्हणून मी इस्वास ठेवला, असं तुमाला वाटतंय का?"

तिने पत्राच्या तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझी पोरगी ह्या अक्षरावर गिरवून शिकली. खालची वळ तुमच्या हातची हाय म्हणून मी ठेवली. तुमी खोटं लिवताव व्हय?"

  साहेबांच्या आड उभं राहून आपण निभावलो असं मास्तरांना साडेतीन वर्षं वाटत होतं, आणि इथे साहेबांना कोणी विचारतच नव्हतं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. "मी अर्ज लिहून देतो. खात्याला, साहेबांना, दोघांनाबी. झालं ते सगळं लिहितो. ओळ मी घातली, हेबी."

"मुदत ऱ्हायली का?" बळीरामने विचारलं.

"न्हाई. सरली."

"मग काय उपेग?"

"बहुतेक न्हाईच."

बळीराम हात झटकून बाहेर पडला. हॉटेलात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मास्तरांच्या खिशातला मोबाईल वाजला. प्रशांतकुमार पत्राची आठवण करून देत होता. त्यांनी तो बंद केला आणि पेनही परत खिशात घालायला लागले. आपण इथून उठावं, बस धरावी, म्हाताऱ्या माणसाने आणखी काय करायचं, असं काहीतरी त्यांच्या थकलेल्या डोक्यात चाललं होतं.

चांगुणाबाईने फडताळातून पोरीची जुनी वही आणली, मागचं एक कोरं पान फाडलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. मग ती पत्रांचा गठ्ठा पुन्हा पिशवीत गुंडाळायला लागली.

"लिवा," ती म्हणाली. "खाली साहेबाचं नाव नगं, तुमची सही करा. उपेग नसंना. एवढी पिशवी भरून कागद जपले मी, त्यात एक तरी खरा असू द्या."

मास्तरांनी वहीचं पान मांडीवर घेतलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिला आजची तारीख विचारली.