थंड्यात तपासलेला जोड

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असं विचारलं, तर मी शकूरचाचांचं नाव घेईन. पांढरकवड्याला हायवेवर ते ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचे. गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला, "चाचा गेले रे…"

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. बी.एस्सी. झाल्यावर बाबा मला ट्रकवर घेणार होते. चाचा त्यांना म्हणाले, "क्लिनर तं कोणीबी होते भाऊ, याले शिकू द्या." बाबांनी ऐकलं. पुढे मी संशोधनाला लागलो. सूर्यासारखी ऊर्जा तयार करू पाहणाऱ्या यंत्रांत ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड प्रकार इंधन असतात. धातूचा पत्रा तापला की एकही भोक नसताना ते त्यातून पलीकडे झिरपतात. ड्युटेरियम किती झिरपतो, ते मोजणं माझं काम. पहिला आकडा मिळाला, गाइडसरांना आवडला, शोधनिबंध पाठवायचं ठरलं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा चाचांच्या दुकानात बसून मी त्यांना हे सगळं फुशारकीने सांगितलं.

"भोक नाही, हे कशावरून?"

"हेलियम सोडून पाहिलं चाचा. तो धातूतून जात नाही, भोकातूनच जातो."

"गरम करून पाह्यलं का?"

"नाही, थंड असताना."

"मंग काय पाह्यलं बे तू? गाडी काय थंडी चालते? थंड्यात चीर मिटून राह्यते. मी गरम पाणी भरल्याबिगर रेडिएटर देत नाही, आन् तू सायंटिस्ट!" बाकड्यावरचे ड्रायव्हर खो खो हसले.

परत येऊन मी पत्रा तापवला, हेलियम सोडला… आणि हेलियम पकडणाऱ्या यंत्राचा काटा हलला. पत्रा नळीला बसवला होता त्या जोडावरचं सील तापलं की सैल पडत होतं. सरांना जाऊन सांगितलं. निबंध थांबला, कित्येक महिन्यांचं काम गेलं. जोड वेल्डिंग करून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

चाचांना फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून पत्र लिहिलं. परवा गावी गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने ते मला दाखवलं. घड्यांवर काळी बोटं उमटली आहेत.

"शकूरचाचा, सलाम. गरम करून पाहिलं. जोडच गळत होता. आता पक्का केला. तापवून हेलियम सोडला, काटा जागचा हलला नाही. मग ड्युटेरियम सोडला, आणि तो आला चाचा, भोक नसताना आला! आकडा पहिल्यापेक्षा लहान आहे, पण आता कोणीही येऊन मोजावा. सरांनी विचारलं, गरम तपासायचं कोणाकडून शिकलास? मी तुमचं नाव सांगितलं, दुकानाच्या पत्त्यासकट. तुमचा, संजू."