बायकोच्या गिटारची मान

त्याला अख्खी गल्ली भिंगरी म्हणायची, आणि उगाच नाही. एका जागी बूड टेकायचं म्हणजे त्याला शिक्षाच. बरं, धंदा निवडला तोही नेमका दमाने घ्यायचा: गिटारदुरुस्तीचा. त्यातही माना बसवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तारांच्या ओढीने वर्षानुवर्षांत गिटारची मान पुढे झुकते, तारा उंच जातात आणि त्या दाबता दाबता बोटं रडकुंडीला येतात. मग मान सोडवायची, तिच्या बुडाशी कागदाइतकं लाकूड घासायचं आणि किंचित मागे कलवून पुन्हा चिकटवायची. शहरभरच्या माना याने अशा सरळ केल्या. बायकोची गिटार मात्र बारा वर्षं कपाटावर पडून होती.

सोमवारी बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, "रविवारी तुझी भाची येतेय. गिटार देऊन टाकते तिला. इथे पडून काय करायचीय?"

याला ते मुळीच रुचलं नाही. हिचं वाजवणं ऐकूनच तर तो कधीकाळी हिच्यावर भाळला होता. दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर त्याने गिटार खाली काढली आणि मानेच्या लांबीत लोखंडी पट्टी ठेवली. पट्टीचं टोक ब्रिजच्या, म्हणजे पेटीवर तारा अडकवतात त्या लाकडाच्या, माथ्यावर टेकायला हवं. ते चांगलं खाली जात होतं, म्हणजे मान झुकली होती.

"तरीच!" तो एकटाच ओरडला. बोटं दुखत होती बिचारीची, म्हणून सोडलं तिने, आणि घरातल्या कारागिराला पत्ता नाही! त्याला स्वतःचीच लाज वाटली. मान बसली की ती वाजवेल, आणि वाजवायला लागली की देणार नाही, असा त्याचा साधा हिशेब होता.

दुकानात नेऊन त्याने मानेवरच्या पंधराव्या फ्रेटची आडवी धातूची पट्टी उपटली, तिच्या खाचेत बारीक भोक पाडलं आणि कुकरला नळी लावून जोडात वाफ सोडली. जुना सरस विरघळायला वेळ लागतो. तेवढ्यात याने सहा वेळा खिडकी उघडली, सात वेळा लावली. मान सुटली तशी काचपेपरची पट्टी जोडात धरून ओढायला सुरुवात. चार ओढी, की मान बसवून बघ. दोन ओढी, की पुन्हा बघ.

"कुकर कुठेय?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"दुकानात. तुझ्या गिटारला वाफ देतोय."

ती नुसती हसली. हे हसणं त्याला कळलं नाही, आणि त्या काळजीने त्याचा जीव आणखीच वरखाली व्हायला लागला. मान चिकटवून क्लॅम्प आवळल्यावर पुरा एक दिवस हात लावायचा नसतो. तो दिवस त्याने कसा काढला, त्यालाच ठाऊक.

रविवारी सकाळी नव्या तारा चढवून त्याने गिटार तिच्या मांडीवर ठेवली. "दाबून बघ. लोणी झालंय लोणी!"

तिने दाबून बघितलं. मग हळूच वाजवायला लागली. बारा वर्षांनी बोटं आधी चाचपडली, मग त्यांना जागा सापडल्या. तिचा चेहरा सैल झाला, डोळे मिटले. आणि नेमकी तिसरी तार सातव्या पट्टीवर किंचित झणझणली. दुसऱ्या कुणाला ऐकूही आली नसती.

"थांब थांब!" हा कानस घेऊन उठलासुद्धा. "सातवी पट्टी जरा वर आलीय, एका मिनिटात—"

ती थांबली.

"बोटं कधीच दुखली नाहीत रे माझी," ती शांतपणे म्हणाली. "दरवेळी तू असाच उठायचास. एकदाही शेवटापर्यंत ऐकलं नाहीस. म्हणून सोडलं."

तो कानस हातात धरून तसाच उभा राहिला. तेवढ्यात भाची आलीच. मामीने गिटार खोक्यात ठेवून तिच्या हातात दिली.

"मान मस्त झालीय, तुझ्या मामाने जीव ओतलाय त्यात," ती म्हणाली. "भरपूर वाजव. फक्त त्याच्यासमोर वाजवू नकोस."