सगुणाच्या नावाचं ताट

बांधकाम खात्यात जन्मभर नकाशे काढले. जे मोजता येत नाही ते कागदावर उतरवायचं नाही, ही माझी सवय. आडनाव पिंपळशेंडे, त्यामुळे शाळेपासून मित्र मला ‘भुताचा नातेवाईक’ म्हणत आले. पण भर दुपारी पिंपळाखाली झोपूनही मला मुंग्यांशिवाय कधी काही चावलं नाही. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलोच असतो.

रिटायर झालो आणि घरात बायकोच्या पायात पायात यायला लागलो. आमच्या आडनावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे – सकाळी फुलं, संध्याकाळी भांडणं. त्यातच कुणीतरी दिवाळीनंतर समस्त पिंपळशेंड्यांचा मेळावा ठरवला आणि वंशावळीचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी खुशीत घेतलं. नागपुरात नंदनवन भागातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद अंथरला, स्केलपट्टी काढली आणि चौकटी आखायला बसलो. शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “आता जेवायचं कुठं? पणजोबांच्या डोक्यावर ताट ठेवू?”

पितृपक्षात बयाआत्या आमच्याकडे राहायला आली. आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण, नव्वदीकडे झुकलेली. एरवी मुलाकडे, मनीषनगरात असते. तिला वाचता येत नाही आणि आता दिसतंही कमीच. मी तिचं बोट धरून कागदावरून फिरवलं. हे तुझे वडील, ही तुझी आई सगुणा, ही त्यांची पाच लेकरं, सगळ्यात मोठी तू…

“सगुणा कोणती गा?” आत्यानं विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं. माझे आजोबा लकडगंजात एका लाकडाच्या वखारीत मुनीम होते. त्यांची पहिली बायको आत्याच्या वेळी बाळंतपणात गेली. त्यांनी दुसरी केली. आमच्या घरची रीत अशी, की दुसरी आली की तिलाही पहिलीचंच नाव द्यायचं – म्हणजे गेलेलीला वाटू नये की आपली जागा परकीला दिली. ही दुसरी सगुणा माझी आजी. तिनं आत्याला इतकं पोटच्यासारखं वाढवलं, की आमच्या पिढीपर्यंत एकच सगुणा पोचली. आणि मी, सगळं मोजूनमापून करणारा, दोन बायका एका चौकटीत कोंबून बसलो होतो.

“दुसरीची तक्रार नाई माही,” आत्या म्हणाली. “पण माही माय तिच्या नावाखाली गडप झाली. सगुणा त सासरचं नाव. माय-बापानं ठेवलं ते नाव टाक माह्या मायचं. माह्या डोयादेखत टाक, इलास.”

मी होकार दिला. मला वाटलं, दोन फोनचं काम आहे. पण ओळखीतले सगळे म्हातारे पालथे घातले तरी कुणाला काही सांगता येईना. पहिलीचं माहेर कोणतं, आडनाव काय – काहीच नाही. लग्नात नाव बदललं की जुनं नाव माहेरीच राहायचं, आणि ही तर पहिल्याच बाळंतपणात गेलेली. शेवटी मी आत्याला म्हटलं, “नुसतं ‘प्रथम पत्नी’ लिहू का?” ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शोभाला सांगितलं, “नवमीले मायच्या नावानं सवाष्ण जेवू घाल.” नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवायला बोलावतात. आजोबा होते तोवर आमच्याकडे हे चालायचं, त्यांच्यामागे बंद पडलं. यातही घरची एक रीत आहे. त्या दिवशी येणाऱ्या सवाष्णीला तिचं नाव विचारायचं नाही. जिच्या नावाचं ताट, त्याच नावानं तिला हाक मारायची.

मागच्या गल्लीतल्या ढोबळेवहिनी म्हणाल्या, “माझी भाचेसून आली आहे उमरेडकडून, तिला पाठवते.” शोभानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

दुपारी फाटक वाजलं. शोभा दाराशी गेली आणि एका पोरसवदा बाईला आत घेऊन आली. मी बाहेरच्या खोलीत कागदावर वाकलेलो होतो. हिरवं लुगडं दिसलं, तेही पाठमोरं. आजकालच्या पोरी साडीच नेसत नाहीत, ही लुगडं नेसून आली, याचं मला जरा कौतुक वाटलं आणि मी पुन्हा रेघ ओढायला लागलो.

ती हात धुवायला मागे गेली. वाटेतल्या खोलीत आत्या झोपलेली. तिथे ती थोडी थांबली. शोभा मागेच होती. ती बाई तिला म्हणाली, “म्हातारी झाली वं पोरगी.” आणि आत्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

शोभा बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, “ऐकलंत? आत्याबाईंना पोरगी म्हणते!” आम्ही दोघंही हसलो.

मग जेवण. वडे, कढी, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. शोभा म्हणाली, “बसा सगुणाबाई.” ती पाटावर बसली आणि म्हणाली, “सगुणा त इथलं नाव. घरी मले कवतिका म्हणत. झाड्याची पोरगी मी.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं, खुर्चीत बसून. वाटलं, हिचंही लग्नात नाव बदललेलं दिसतं, बोलकी आहे बिचारी. तिनं कढी दोनदा मागून घेतली. शोभानं ओटी भरली, ती गेली. ताट स्वच्छ होतं.

संध्याकाळी ढोबळेवहिनींचा फोन आला. त्या खजील झाल्या होत्या. भाचेसुनेला माहेराहून बोलावणं आलं, ती सकाळच्या गाडीनंच गेली, आणि गडबडीत कळवायचं राहून गेलं… “तुमची सवाष्ण उपाशी राहिली का हो?”

शोभा माझ्याकडे बघत राहिली.

मी आधी साधी कारणं शोधली. कुणी दुसऱ्याच घरची सवाष्ण चुकून आमच्याकडे शिरली असेल. आजूबाजूच्या गल्ल्या पायी फिरलो, विचारलं. कुणाची सवाष्ण हरवली नव्हती. समोरच्यांचा सीसीटीव्ही आहे, पण तो त्यांच्या गाडीवर रोखलेला. आमचं फाटक त्यात येतच नाही.

मग मनात आलं, नाव आणि माहेरचं आडनाव तर मिळालंय, विचारून बघायला काय जातं! उमरेडकडे झाडे आडनावाची घरं पुष्कळ. एकाकडून दुसऱ्याचा नंबर असं करत एका म्हाताऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोचलो. मी मुद्दाम नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, “तुमच्या घरची कुणी पूर्वी नागपूरला, पिंपळशेंड्यांकडे दिली होती का?”

“व्हय नं,” तो लगेच म्हणाला. “माह्या आज्याची बहीण. कवतिका. वखारीतल्या मुनीमाले देल्ली होती. पहिल्याच बायंतपणात गेली बिचारी. तिचं नाव आमच्या घरी मंग कोन्या पोरीले ठेवलं नाई. तुम्ही काहून इचारून राहिले?”

म्हटलं, वंशावळ करतोय.

मी जुनी चौकट खोडली आणि दोन आखल्या. एकीत लिहिलं – कवतिका, सासरचं नाव सगुणा. आत्याला टेबलापाशी आणून तिचं बोट त्या अक्षरांवर ठेवलं, नाव वाचून दाखवलं. कुठून मिळालं ते सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं; या वयात तिला धक्का बसायला नको. म्हटलं, उमरेडच्या एका झाड्यांनी सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

आत्या बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “मी जागीच होती नं त्या दिवशी.”

शोभा हातातलं काम टाकून तिथेच बसली.

“हात फिरवला तवाच समजली मी. पण डोये नाई उघडले.”

“काहून, आत्या?” माझ्या तोंडून आपोआप तिचीच बोली निघाली.

“डोये उघडले असते अन् गेली असती त? जेवाची होती अजून ते. उपाशी गेली असती माही माय.”

मेळावा झाला, वंशावळीचं कौतुकही झालं. कवतिकाची चौकट कशी सापडली हे तिथे मी कुणाला सांगितलं नाही, इथेच पहिल्यांदा सांगतोय. कुणाकडे याचा खुलासा असेल तर जरूर कळवा, माझ्याकडे नाही. शोभा मात्र आतापासूनच म्हणते आहे, की पुढच्या नवमीला कढी जरा जास्त करायची.