दोरीचं वरचं टोक

रुबीना गेल्याचा फोन दापोलीहून आला, तेव्हा मला रडू यायच्या आधी राग आला… पुन्हा हीच पुढे. गेला दीड महिना हे कुणाला बोलले नाही, आता लिहूनच टाकते.

आम्ही चुलत बहिणी. रियाधला अल मलाझमध्ये एकाच जिन्यावर समोरासमोर राहायचो. ती माझ्याहून दोन महिन्यांनी लहान. पण तिची पहिली इयत्ता गावात झाली, आणि वय भरत नाही म्हणून शाळा घेईना, तेव्हा चाचांनी दोन वर्षं वाढवून लिहिली. गावात अर्ध्या मुलांचं तसंच असायचं. पुढे पासपोर्टवरही तेच चढलं. माझा जन्म रियाधच्या इस्पितळातला, त्यामुळे माझं वय अगदी चोख. त्या चोखपणानेच माझा घात केला.

चाचांच्या कंपनीतले एक केरळी इंजिनियर शुक्रवारी ओळखीच्या कुटुंबांना घेऊन वाळवंटातल्या गुहांत उतरायचे. जमिनीत एक भोक, दोरीने खाली जायचं, मग पोटात लांबच लांब वाटा… मी महिनाभर दुसरं काही बोलत नव्हते. इराकने कुवेत घेतल्यानंतरचा तो हिवाळा. वाटेत चेकपोस्ट वाढलेले, पासपोर्ट सोबतच असत. पंधराच्या आतल्यांनी खाली जायचं नाही, असा त्या इंजिनियरांचा नियम, म्हणून त्यांनी आमचे पासपोर्ट उघडून पाहिले. रुबीना सोळा, मी चौदा. मी चाचांकडे बघितलं. ते हसून म्हणाले, "कागद सांगतो तेच खरं, बेटा." खरं सांगावं तर चाचांची पंचाईत, म्हणून मी गिळून बसले.

तिला हेल्मेट मिळालं, मला खुणेच्या बारीक दोरीचं वरचं टोक. "पोचले की दोनदा ओढीन," ती म्हणाली आणि दिसेनाशी झाली. दोन हिसके आले. बाकीचे खूश झाले, माझा मात्र जळफळाट झाला. संध्याकाळी ती मातीने माखून वर आली, आणि मला ती मातीसुद्धा हवी होती.

पुढच्या वर्षी तुझा नंबर, असं ठरलं. पण युद्ध सुरू झालं, सहली बंद पडल्या. इंजिनियर मुलुखाला गेले आणि जाताना ती खुणेची दोरी रुबीनालाच देऊन गेले! सायरन झाला की आम्ही खिडक्यांना टेप लावलेल्या खोलीत गॅस मास्क घालून बसायचो. ती माझा हात धरून म्हणायची, "खाली याहून काळोख असतो. काही होत नाही." तिथेही तिला खालचं ठाऊक, मला नाही. हात मात्र मी सोडवून घेतला नाही.

माझं गुहेत उतरणं राहिलंच. लग्नानंतर दापोलीत तिने ती दोरी मागच्या पडवीत कपडे वाळत घालायला बांधली. चिपळूणच्या माझ्या घरून तिच्याकडे गेले की मी मुद्दाम तिकडे बघत नसे.

ती गेली त्या दिवशी पुरुष तिला कबरस्तानात घेऊन गेले. आम्ही बायका रिवाजाप्रमाणे घरी. पुन्हा ती खाली, मी वर. मी पडवीत गेले. दोरीवर तिची ओढणी वाळत होती. ती मी बाजूला सारली, दोरी मुठीत धरली, आणि माणसं परत येईपर्यंत तशीच उभी राहिले… ती पोचली की ओढेल म्हणून.