आयरिश भाषेतलं पाणी

नव्या माठाचा ओला वास आला की मला लातूरमधली ती पडवी आठवते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, दुष्काळ होता आणि टँकरमागं बायका घागरी घेऊन पळत होत्या. आमच्या मुखेडच्या बौद्धवाड्यात पत्रकं वाचतच मी वाढले. तेव्हा मी दारूबंदीचं पत्रक लिहीत होते, म्हणून 'व्हिस्की' या शब्दाचं मूळ विचारायला एसटीनं एका निवृत्त प्राध्यापकांकडं गेले. पडवीत बसून सर खुलले. "मूळ आयरिश शब्द इश्के. उर्दूतला इश्क न्हवं गं, इश्के म्हंजे पाणी! त्यांच्यात पुल्लिंगी हाय, षष्ठीतबी रूप बदलत न्हाई. अन् आपलं उदक त्याचं सख्खं भावंड. कुठं आयर्लंड, कुठं लातूर, पण पाणी एकाच घरचं!" मी भारावून ऐकत होते. मग त्यांनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं. घसा कोरडा पडला होता, मी पाणी मागितलं. सरांनी तांब्या आणला, पण हातात दिला नाही. "पायरीखाली उतर पोरी, ओंजळ धर. वरून ओततो." ते इतक्या मायेनं बोलले की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ओंजळ भरली होती. मी हात उघडले. पाणी मातीत गेलं. "दुष्काळात पाणी सांडतीस? लाज न्हाई वाटत?" सर खरोखर हादरले होते. मला आजही धक्का बसतो तो याचाच, की त्या दुपारी त्यांना फक्त सांडलेलं पाणी दिसलं.