अकरा बरण्यांची गावं

हा प्रवास काही फिरण्याच्या हौसेपोटी घडलेला नाही. स्वतः केलेली घाण निस्तरायला निघाले होते, हे आधीच सांगून टाकते.

गोष्ट १९७०च्या दशकातली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मी नुकतीच लागले होते. स्पिरिटमध्ये जपलेले बेडूक, सरडे, साप सांभाळायचे, हे माझं काम. प्रत्येक बरणीत प्राण्यासोबत एक चिठ्ठी बुडवलेली असते: कुठे सापडला, कोणत्या ऋतूत. शिरूरच्या एका शिक्षकांनी दिलेल्या अकरा बरण्यांतल्या चिठ्ठ्या पेन्सिलीने, गिचमिड अक्षरात लिहिलेल्या होत्या. माझं अक्षर वळणदार, त्याचा भारी तोरा. सगळ्या चिठ्ठ्या फाउंटन पेनने सुबक उतरवल्या आणि जुन्या फेकून दिल्या. आठवड्याभरात शाई स्पिरिटमध्ये उतरली. चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या आणि बेडूक निळसर. रजिस्टरमध्ये नोंद एवढीच: ‘शिरूर, अकरा नग.’

आमचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “गाव नसलेला बेडूक संशोधनाला निरुपयोगी. पंधरा दिवस बघा. नाहीतर या बरण्या कॉलेजला चिरायला देऊन टाकू.” कुणीतरी चिखलात उतरून जमवलेलं माझ्या सुंदर अक्षरापायी वाया जाणार होतं. मला रडू आलं.

बरण्या एसटीत फुटल्या असत्या. म्हणून प्राणी स्पिरिटने भिजवलेल्या मलमलीत एकेक गुंडाळले, वर नंबर बांधले आणि गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात भरून शिवाजीनगर स्टँड गाठला. तेव्हा शिरूरच्या गाडीवर ‘घोडनदी’ या जुन्या नावाची पाटी असायची. नवखा माणूस हमखास चुकायचा. दारूला परवाना लागायचा ते दिवस. डब्याच्या वासाने कंडक्टर माझ्याभोवती घुटमळू लागला आणि शेवटी डबा उघडायला लावलाच. वरच दिवड होती, पाण्यातला बिनविषारी साप, हातभर लांब. उरलेल्या प्रवासात माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. ऐसपैस गेले.

शिरूरला स्टँडसमोरची गरम कांदाभजी खाऊन शिक्षकांचं घर शोधलं. ते निवृत्त झाले होते. वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या आणि त्यांना आठवत काहीच नव्हतं. माझा चेहरा उतरला. पण दिवडीच्या मानेला बांधलेला दोरा पाहून ते हसले. पूर्वी ते केडगावच्या शाळेत होते, तेव्हा हे प्राणी रेल्वेचे रूळ सांभाळणारा एक गँगमन आणून द्यायचा. तो सांगेल ते ठिकाण शिक्षक चिठ्ठीवर लिहायचे. “दोरा त्याचा. गाठींचा हिशोब त्यालाच ठाऊक,” ते म्हणाले. किसनमामा, दौंड, बुद्धविहाराच्या मागे, एवढा पत्ता मिळाला. प्राण्यांना बांधलेले ते दोरे मी निरुपयोगी समजून कापणार होते, फक्त आळसापायी राहिले. आळसाचे एवढे आभार मी पुन्हा कधी मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यावरून केडगाव. रस्ता खड्ड्यांचा, धूळ नाकातोंडात. भीमा ओलांडल्यावर मात्र दोन्हीकडे ऊस आणि डोळ्यांना गारवा. केडगावहून पॅसेंजरने दौंड. तुम्ही त्या बाजूला गेलात तर हा तुकडा रेल्वेनेच करा आणि डावीकडे-उजवीकडे न बघता रुळांखालच्या मोऱ्या बघा. पाणी जायला बांधलेल्या या छोट्या कमानींत केवढी जीवसृष्टी असते, ते मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळायचं होतं.

किसनमामा ओट्यावरच बसले होते. काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी प्राणी मांडायला परात मागितली, तर त्यांच्या सूनबाईंनी बेडूक म्हटल्यावर परात काही दिली नाही, वर्तमानपत्र अंथरलं. मामांनी पहिला बेडूक तळहातावर घेतला आणि गाठी अंगठ्याने चाचपल्या.

“हिरवा दोरा म्हंजी पावसाळा, तांबडा म्हंजी उन्हाळा. फाटक्या झेंड्यांचं दोरं हायेत हे. तवा मला लिवाय येत न्हवतं. केडगावपास्नं दौंडाकडं जितवी मोरी, तितक्या गाठी.”

मी पेन्सिल काढली. चौथी मोरी, पावसाळा. सातवी, उन्हाळा. दुसरी, पावसाळा. एकेक गाव परत येत होतं. नऊ झाले. उरलेल्या दोन बेडकांचे दोरे कुजून गळून पडले होते.

मी त्यांना म्हटलं, हे दोन्ही चौथ्या मोरीच्या बेडकासारखेच दिसतात, तेच लिहू का? मला अकराच्या अकरा हवे होते, दुसरं काही सुचतच नव्हतं.

मामांनी दोन्ही बेडूक उलटसुलट करून पाहिले, बराच वेळ. “न्हाई, ताई. दोरा न्हाई तर मला ठाव न्हाई. मी रूळ तपासायचो. दिसलं न्हाई ते ठीक हाय म्हणून कवा सांगितलं न्हाई.”

मग त्यांनीच मला रुळांच्या कडेने जवळच्या एका मोरीपर्यंत नेलं. कमानीखाली घोटाभर पाणी होतं आणि त्यात तसलेच बेडूक, जिवंत, आमच्याकडे पाठ करून. मी खुळ्यासारखी हसत उभी राहिले. परत येताना मामांनी त्यांचं पूर्ण नाव मला सावकाश सांगितलं, मी विचारलं म्हणून.

पुण्यात सरांपुढे यादी ठेवली. नऊ ठिकाणं, नऊ ऋतू, संग्राहकाच्या रकान्यात नऊ वेळा मामांचं नाव. दोन ओळी कोऱ्या. चुकलेली दोन गणितं दाखवावीत तसं मी बोट ठेवून सांगितलं की मामांनी अंदाज करायला नकार दिला.

सरांनी यादी पुन्हा वरून खाली वाचली. म्हणाले, “म्हणजे या नऊंवर विश्वास ठेवता येईल.” आणि सही केली.